बारा खोटी नखं

माझा नवरा एदिल्बेर्तो सव्वीस वर्षं बारांकियातल्या लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. अर्धं शहर त्याच्या ओरड्याखाली स्टिअरिंग धरायला शिकलंय. त्याच माणसानं जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी स्वतःची गाडी मागे घेताना आमच्याच ओसरीच्या खांबाला घासली.

मी तिथंच कढईत विकायचे आरेपे, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, तळत होते. पेट्रोनाबाई गिऱ्हाईक म्हणून उभ्या होत्या. हा बाबा गाडी मागे घेता घेता पलीकडच्या फुटपाथवरच्या कुणाला तरी हात करत होता. खर्रर्र असा आवाज झाला. खांबाला काही झालं नाही. मागच्या बंपरवर मात्र दोन वितींचा ओरखडा उठला. डाळिंबी रंग खरवडून खालचं काळं प्लास्टिक उघडं पडलं.

एदिल्बेर्तो खाली उतरला, ओरखडा बघितला आणि म्हणाला, "पेट्रोनाबाई, तुम्ही काही पाहिलेलं नाही."

"छे हो, मी कुठं काय पाहिलं!" असं म्हणून त्या चटणीसाठीही न थांबता घाईघाईनं निघून गेल्या. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीत कुणीच काही पाहिलेलं नव्हतं, आणि जो तो आमच्या दारावरून दोनदोनदा जात होता.

एदिल्बेर्तो डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाऊन आला तो तोंड पाडूनच. "अख्खा बंपर काढून रंगवायचा म्हणतो. तीन लाख ऐंशी हजार पेसो! आणि गाडी गुरुवारी मिळणार."

"गेल्याच महिन्यात फ्रीज घेतलाय," मी म्हटलं.

"नूबिया, मला माहितेय फ्रीज घेतलाय. पण सोमवारी सकाळी सातला शिकायला मुलं येतील. मी त्यांना 'मागं बघा, मागं बघा' म्हणून ओरडणार, आणि माझ्या मागं हे?"

त्यानं गाडी फिरवून शेपटाकडून भिंतीला जवळजवळ चिकटवून लावली आणि आत जाऊन पडून राहिला.

चार वाजता यादेलिस आली. ही त्याची सगळ्यात कच्ची विद्यार्थिनी. आमच्यापासून तिसऱ्या घरात तिचं नखं रंगवायचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक पंखा. परीक्षेत दोनदा नापास झालेली, कारण गाडी मागे घ्यायची वेळ आली की एदिल्बेर्तोचा आवाज तिच्या डोक्यात घुमायचा आणि ती स्टिअरिंगच सोडून द्यायची.

"आज शिकवणी नाही," तो खिडकीतूनच म्हणाला. "गाडी विश्रांती घेतेय."

"भिंतीला पाठ टेकून?" ती म्हणाली, आणि भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत शिरलीसुद्धा. आता ही खदाखदा हसणार, असं मला वाटलं. पण ती उकिडवी बसली आणि ओरखड्यावरून अंगठा फिरवायला लागली. बराच वेळ.

"मास्तर, हे तर तुटलेलं नख आहे."

"काय?"

"अहो, घासायचं, खाच भरायची, पुन्हा घासायचं, अस्तर द्यायचं, मग रंग, मग वरून चकाकी. मी दिवसाला ऐंशी नखं करते. हे जरा मोठं आहे, एवढंच."

एदिल्बेर्तोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाहीतर जन्मभर भिंतीला टेकवून ठेवणार आहेस का?"

संध्याकाळी दोघं रंगाच्या दुकानात जाऊन आली. तीन प्रकारचे पॉलिश पेपर, खाच भरायला प्लास्टिकवर बसणारी लांबी, अस्तराला प्रायमर, गाडीच्या रंगाच्या नंबराप्रमाणे कालवून घेतलेला वाटीभर रंग आणि चकाकीसाठी लॅकर. सगळं मिळून बासष्ट हजार.

रविवारी सकाळी वारा सुटला होता. आमच्याकडे या दिवसांत वारा म्हणजे धूळच. यादेलिसनं माझ्या चार चादरी मागून घेतल्या आणि गाडी भिंतीपासून पुढे घ्यायला लावून ओसरीसमोर तिच्याभोवती तंबू ठोकला. बंपर साबणानं धुतला, स्पिरिटनं पुसला. मग पाणी मारत घासायला सुरुवात. पाणी ओतायचं काम मास्तरांकडे.

"हळू ओता. हळू! झाडाला घालताय का?"

तो मुकाट्यानं हळू ओतायला लागला. मी कढईपाशी बसून हसू लपवायला तोंडासमोर झारा धरला.

लांबी वाळली, घासून झाली, प्रायमर बसला. मग रंगाचा डबा उघडला आणि यादेलिसचा चेहरा उतरला. अकरा वर्षं उन्हात उभी राहून आमची गाडी विटली होती. नवा रंग तिच्यासमोर लिपस्टिक लावल्यासारखा दिसत होता.

"झालं!" एदिल्बेर्तो म्हणाला. "गेले बासष्ट हजार."

ती उठली. पार्लरमधून बारा खोटी नखं घेऊन आली, एका काडीवर ओळीनं चिकटवली आणि एकेकावर वेगळं मिश्रण लावत गेली. थोडा पांढरा, थेंबभर तपकिरी, पुन्हा डाळिंबी. प्रत्येक नख वाळवायचं, बंपरला लावून बघायचं, मान हलवायची. नववं नख लावलं आणि ते दिसेनासंच झालं. मी चष्मा लावून शोधलं तेव्हा सापडलं.

नखांवर फुलं उमटवायचं तिचं पेनाएवढं फवाऱ्याचं यंत्र आहे. त्यानं ती थर मारत बसली. पातळ थर, थांबणं, पुन्हा पातळ थर. तीन तास. शेवटचा रंग मारून ती पाणी प्यायला आत आली, आणि एदिल्बेर्तोला राहवलं नाही. वाळलाय का बघायला त्यानं तर्जनी टेकवली.

बोटाचा ठसा अगदी सरकारी कागदावर असतो तसा स्पष्ट उमटला.

"मास्तर!" यादेलिस चादर बाजूला करून किंचाळली. "किती वेळा सांगितलं, हात लावू नका! डोळे कुठं असतात तुमचे? एवढं सोपं समजत नाही?"

तो दोन्ही हात वर करून उभा राहिला. त्याचा पाय लागून पाण्याची बादली उलटली, तेही त्याला कळलं नाही. मग तिच्या हातातली चादर सुटली. मला वाटतं दोघांनाही एकाच वेळी ऐकू आलं, की हे शब्द कुणाचे आहेत.

"मी असाच ओरडतो का गं?" त्यानं विचारलं.

"याहून मोठ्यांदा."

"आणि मग स्टिअरिंगवरचे हात असे सुटतात?" त्यानं स्वतःचे वर केलेले हात बघितले.

"असेच."

तो पायरीवर बसला. "चुकलं माझं," म्हणाला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे वाक्य मी त्याच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकलं. यादेलिसनं ठसा घासून काढला आणि तो भाग नव्यानं रंगवला. यावेळी तो पाठीमागे हात बांधून उभा होता.

लॅकर वाळल्यावर सावलीत ओरखडा शोधूनही सापडेना. उन्हात, एका बाजूनं वाकून बघितलं तर थोडा उजळ पट्टा दिसतो. यादेलिसला तो खुपत होता. तिनं पैसे घ्यायला साफ नकार दिला, म्हणून मी तिला आठवडाभर आरेपे पुरवले.

सोमवारी सातला मुलं आली. मला वाटलं, हा आता काहीतरी थाप मारेल. तर यानं सगळ्यांना मागे नेलं, वाकायला लावलं आणि तो पट्टा दाखवला. "मागे न बघता हात केला की असं होतं. मी केलं. आता बसा गाडीत."

शिकवताना तो अजूनही ओरडतो, पण वाक्याच्या अर्ध्यात थांबतो. फेब्रुवारीत यादेलिस पास झाली. तिचं पार्लर आता आणखी चालतं. काल मी आरेपे द्यायला गेले तर एका खुर्चीत नवरी मुलगी बोटं फाकवून नखं वाळवत होती, आणि शेजारच्या खुर्चीत एक धिप्पाड पोलीस मोटरसायकलचा मडगार्ड मांडीवर घेऊन, रंगवून घ्यायला आपला नंबर कधी लागतो म्हणून वाट बघत बसला होता.