खेडपर्यंत गेलेला बैल

तळवड्यात मालोजी आप्पांची गोष्ट सुरू झाली, की चहाच्या टपरीवाल्या कोंडाजीनं पुढं सरकून बसायचं आणि दर वाक्याला "हं... मग?" म्हणायचं, हा कित्येक वर्षांचा रिवाज. हुंकार मिळाला नाही तर आप्पांची गोष्ट चालायची नाही, जागच्या जागी फतकल मारायची. एकदा कोंडाजीची दाढ काढली, तेव्हा आप्पा आठवडाभर मुके होते आणि सगळ्या आळीनं त्या दाताच्या डॉक्टरला मनोमन दुवा दिला होता.

आप्पांची हुकमी गोष्ट पाखऱ्या बैलाची. शेताला खेटून कंपनी आली, आणि तिच्या भोंग्याला पाखऱ्या असा सरावला, की भोंगा झाला रे झाला, नांगराच्या तासात पाय रोवून उभा. ओव्हरटाइम करायचं नाव नाही. मग एक दिवस कंपनीत संप झाला. भोंगा काही वाजला नाही. पाखऱ्या नांगर घेऊन जो सुटला, तो इंद्रायणी ओलांडून थेट चाकणला!

"आज चाकणचा रस्ता म्हणत्यात ना, त्ये माझ्या पाखऱ्याचं तास हाय," आप्पा सांगायचे. "बैलानं काढलेला हाय म्हणून तर असा वाकडा."

"बांधाला झोपला हुता त्यो बैल," आतून कौशल्याबाईंचा आवाज यायचा. "म्हातारा झाला हुता." आप्पांची ही बायको आयुष्यभर न चुकता त्याच जागी हेच वाक्य टाकत आलेली. आप्पांनाही त्याची सवय होती.

त्या आप्पांना नातू झाला, तोही घाईत. मार्गशीर्ष संपताना यायचा, तो नवरात्रातच हजर. सून स्वप्नाली अजून सातव्यातच होती. एवढासा जीव, आप्पांच्या भाषेत, भरताला घेतलेली वांगीसुद्धा त्याच्यापेक्षा जड भरली असती. काचेच्या पेटीत ठेवला, नाकाला नळी, पायाला तार. पोरगा गणराज चाकणच्या कंपनीतून कामाचे कपडे न बदलताच पळत आला आणि काचेबाहेर उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना समोर बसवलं. "शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्यानं वाढतो. त्याला घड्या पडत जातात, एका भागाची दुसऱ्याशी जोडणी होते. हे काम आईच्या पोटात, तिचा आवाज ऐकत व्हायचं असतं. आता ते इथं, दिव्याखाली, मशिनच्या आवाजात व्हायचंय. पुष्कळ मुलं छान वाढतात. काहींना पुढं चालायला, बोलायला, लक्ष द्यायला थोडी मदत लागते. आपण बघत राहू. तुम्ही त्याला उघड्या छातीशी धरा आणि हळू आवाजात बोला. भरपूर बोला."

"भरपूर?" स्वप्नालीनं विचारलं.

सगळ्यांच्या माना एकदम आप्पांकडं वळल्या. ज्या माणसाला सगळं तळवडे गप्प बसा म्हणत आलं, त्याला डॉक्टरनं बोलायचा डोस लिहून दिला होता. आप्पांनी फेटा सारखा केला.

कौशल्याबाईंनी मात्र बाहेर येताच हटकलं. "अवो, मेंदू ओला हाय पोराचा. थापा भरू नका त्यात. ओल्या सिमिटावर कोंबडी चालली, तर पाय जलमभर दिसत्यात."

आप्पा हसले. पण ते वाक्य त्यांच्या काळजात कुठंतरी जाऊन बसलं.

गणराजची शिफ्ट आणि स्वप्नालीचे टाके, म्हणून सकाळची पाळी आप्पांना मिळाली. तंबाखू बाहेर, फेटा बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे. शर्ट काढून पांढऱ्या केसांच्या छातीवर सिस्टर सुमनताईंनी बाळ ठेवलं, वरून चादर गुंडाळली. आप्पांनी श्वास धरला.

"काका, श्वास घ्या. आणि बोला."

"एकदा काय झालं!" आप्पांनी सुरुवात केली. तीन पेट्यांमधली तीन बाळं दचकली.

"काका! शिवारात नाही आहात तुम्ही. हळू."

आप्पांना कुजबुजणं ठाऊक नव्हतं. पुढं त्याच शेजारच्या कंपनीत नोकरी करताना प्रेस मशिनच्या धडधडाटावरून हाका मारून कमावलेला गळा तो. पण जमवलं, आणि जमल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हळू सांगितलेली थाप जास्त खरी वाटते. अडचण हुंकाराची होती. ती मशिननं सोडवली. आप्पांचं वाक्य संपायचं, मशिन 'टिंग' करायचं, आप्पा पुढं जायचे. पाखऱ्या रोज सकाळी इंद्रायणी ओलांडू लागला.

दिवाळी उलटल्यावर बाळ घरी आलं. मशिन दवाखान्यातच राहिलं.

मग आप्पा हुंकाराची वाट पाहू लागले. मांडीवर घ्यायचे, सांगायचे, थांबायचे. बाळ बघायचं, जांभई द्यायचं, झोपायचं. संक्रांतीला शेजारचे लक्ष्मणराव तिळगूळ द्यायला आले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांची नात नवरात्रातलीच, पण भरल्या दिवसांची. मोबाइलमधून "अऊं, अंगू" असा आवाज आला.

"बोलती राव आमची! गप्पा हाणती नुसती. तुमचा काय म्हणतोय?"

"विचारात हाय अजून," आप्पा म्हणाले.

पण लक्ष्मणराव गेल्यावर त्यांनी तिळगूळ तसाच ताटलीत ठेवला. तेच नवरात्र, तीच संक्रांत. आपलं पोर का मुकं? त्यांना सिमेंटावरची कोंबडी आठवली. जोडणी चालू असलेल्या मेंदूत आपणच रोज सकाळी नांगर घातला, तोही खोटा. त्या दिवसापासून आप्पांनी गोष्ट बंद केली. टपरीवर कोंडाजी पुढं सरकून बसायचा आणि आप्पा त्याला कांद्याचा भाव सांगायचे. कोंडाजीला वाटलं, म्हाताऱ्याला ताप आहे.

घरात इतकी शांतता पसरली की फ्रिजचा आवाज येऊ लागला. कौशल्याबाई दोनदा "बांधाला झोपला हुता" म्हणायला तोंड उघडून बसल्या आणि तसंच मिटलं.

पुढच्या तपासणीला सगळे गेले. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे हातपाय हलवून पाहिले, खुळखुळा वाजवला, डोळ्यांपुढून लाल चेंडू फिरवला. आप्पा कोपऱ्यात उभे. कौशल्याबाईंनीच विचारलं, "बाई, हुंकार न्हाई देत ह्यो. शेजारची त्याच्याच वयाची हाय, ती..."

"त्याच्या वयाची नाही, आजी. ह्याचं वय जन्मापासून मोजायचं नसतं. ज्या तारखेला जन्मायचा होता, तिथून धरायचं. त्या हिशेबानं हा जेमतेम दीड महिन्याचा आहे. ऐकू नीट येतंय, बघतोय छान. हुंकार आता कधीही देईल. उशीर त्याला झालेला नाही, घाई तुम्हाला झालीय."

"आनि..." आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "मी थापा सांगितल्या त्याला. बक्कळ. त्येनं काय बिघडलं असंल?"

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं. "थाप कुठली आणि खरं कुठलं, हे कळायला त्याला वेळ आहे. त्याला तुमचा आवाज कळतो, तुम्ही तोंडाकडं बघून बोलता ते कळतं. बोलत राहा."

त्या संध्याकाळी आप्पांनी बाळाला मांडीवर घेतलं. बाईंनी बोला म्हटलं होतं. पण खोटं बोला असं काही म्हटलं नव्हतं. जोखीम कशाला? आप्पांनी खाकरून खरीच गोष्ट सांगितली.

"एक बैल हुता. म्हातारा झाला. बांधाला झोपला."

गोष्ट संपली. बाळानं मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात कौशल्याबाई पिठाच्या हातानं उभ्या होत्या.

"ही काय गोष्ट झाली व्हय?"

"तूच म्हणायचीस की, झोपला हुता."

"त्ये मी म्हणायचं. तुमी न्हाई." त्यांनी पदराला हात पुसले, बाळाला उचललं, पायांवर आडवं घेतलं आणि त्याच्या तोंडाशी वाकल्या. "आईक रं माझ्या राजा. भोंगा झाला न्हाई, आनि पाखऱ्या सुटला बघ! इंद्रायणीत पानी किती? कमरंइतकं. थांबला का? न्हाई थांबला. म्हाळुंगं आलं, थांबला का? न्हाई. चाकणला कांद्याच्या बाजारात सगळी मानसं उठून हुबी ऱ्हायली, पाखऱ्यानं वळूनबी बघितलं न्हाई. तसाच गेला खेडला!"

"खेडला?" आप्पा ताडकन उठले. "अगं चाकणपातूर हाय ती गोष्ट! खेड कुठनं काढलंस?"

"तुमचा बैल दमत असंल. माझा न्हाई दमत."

"अऊं," बाळ म्हणालं.

आतून स्वप्नाली धावत आली, तिच्यामागं गणराज बनियनवरच. बाळ आजीच्या तोंडाकडं टक लावून बघत होतं, ओठांचा चंबू करून.

"माझ्या गोष्टीला दिला त्येनं हुंकार," आप्पा म्हणाले. डोळे पुसायला फेट्याचा शेमला सापडत नव्हता.

"आवाज कुनाचा हुता?"

"बैल माझा हाय!"

"आप्पा, भांडा नंतर," स्वप्नाली हसत रडत म्हणाली. "आई, थांबू नका. पुढं काय झालं बैलाचं?"

कौशल्याबाईंनी आप्पांकडं पाहिलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाट पाहत होत्या.

आप्पांनी लक्ष्मणरावांच्या तिळगुळाचा उरलेला खडा तोंडात टाकला, कोंडाजी बसायचा तसे पुढं सरकून बसले आणि म्हणाले, "हं... मग?"