कमानीखाली उभं राहायचं

मस्कतजवळच्या वादी अदाईतली जुनी दगडी कमान दुरुस्त करायचं काम जनार्दन मुकादमाकडे आलं, तेव्हा त्याने कंपनीला ठणकावून सांगितलं, चुना वापरू द्याल तरच हात लावीन. राजापूरचा गवंडी तो. दगडाच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता.

कमान दीडशे वर्षांपूर्वी कॅप्टन एल्डन नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनियरने बांधलेली. साइटचा इंजिनियर नुमान, हाही रत्नागिरीकडचाच, एल्डनचे जुने कागद मिळवून चहाच्या वेळी जनार्दनला वाचून सांगायचा. बाविसाव्या वर्षी एल्डन मुंबईला उतरला आणि थेट कोकणात पूल बांधायला गेला. गव्हर्नर येणार म्हणून त्याने पहिल्याच कमानीखालच्या आधाराच्या लाकडी पाचरा घाईघाईने काढायला लावल्या. कमान कोसळली, दोन गवंडी गेले. एल्डनने अहवालात सगळा दोष स्वतःवर घेतला. बढती चार वर्षं अडकली. पुढे तारायंत्राच्या कामावर मस्कतला आला, कर्नल होऊन निवृत्त झाला. पण त्या पहिल्या पुलानंतर प्रत्येक कमानीच्या पाचरा निघताना तो स्वतः खाली उभा राहिला.

मानलं त्याला, असं जनार्दन म्हणाला. तो सहसा कोणाला मानत नसे.

आता तीच वेळ इथे आली. गुरुवारी उद्घाटन, मोठे पाहुणे येणार, आणि मॅनेजरला कमानीखालची लाकडं बुधवारीच बाहेर हवी होती. फोटोत दिसायला नकोत. चुना अजून पुरता धरला नव्हता. जनार्दनला आणखी आठ दिवस हवे होते. सही नुमानची लागणार होती, आणि सही नाही तर नोकरी नाही, असं मॅनेजरने आडून सुचवलं होतं. नुमानची बायको महेक महिन्यापूर्वीच गावाकडून इथे सीबला त्याच्याजवळ राहायला आली होती. नुमानचा चेहरा पार उतरला.

"करा सही, साहेब," जनार्दन शांतपणे म्हणाला. "फक्त बुधवारी खाली तुम्ही उभं राहायचं. मी आहेच शेजारी."

नुमानने कागद सही न करताच परत पाठवला. उद्घाटन लाकडांसकट झालं. मॅनेजर धुसफुसत राहिला, पाहुण्यांनी मात्र त्या लाकडांसमोरच हौसेने फोटो काढले.

आठ दिवसांनी पाचरा थोड्या थोड्या ढिल्या होऊ लागल्या. जनार्दन कमानीखाली जाऊन उभा राहिला. नुमानही आला. माथ्यावर दगड करकरला, चुन्याची भुकटी खांद्यावर पडली. नुमानने मुकादमाची बाही घट्ट धरली.

"काका, भीती नाही वाटत?"

"वाटते तर. म्हणून तर आठ दिवस थांबलो."

कमान दोन सूत, जेमतेम पाव इंच, खाली बसली आणि थांबली. नुमानने बाही सोडली नाही, आणि जनार्दननेही ती सोडवून घेतली नाही.