हात खिशात ठेवणारे परीक्षक

मामांच्या ताब्यात दिलेली वस्तू धड परत येत नाही, हे सगळ्या नातेवाइकांत कधीच ठरून गेलं होतं. मामांनी अर्धं आयुष्य खुर्च्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलं होतं. नवी खुर्ची आली की धप्पकन बसायचं, मागच्या दोन पायांवर झुलायचं, मग एका अंगावर रेलून तिला छळायचं. टिकली तर दुकानात, मोडली तर भंगारात. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण जित्याची खोड कशी सुटणार? मेव्हण्यांची आरामखुर्ची गेली, व्याह्यांचा कोराकरकरीत सोफा गेला. शेवटी मामा येणार म्हटलं की खुर्च्या आतल्या खोलीत जायच्या आणि मामांसाठी चटई अंथरली जायची. मामा हसत मांडी घालायचे, पण मनातून त्यांना फार लागायचं.

म्हणून कॉलेजात शिकवणाऱ्या भाचीचा सकाळी सकाळी फोन आला, तेव्हा मामांचा कानावर विश्वास बसेना.

"मामा, आज आमच्या मुलांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन आहे आणि एक परीक्षक आजारी पडलेत. तुम्ही याल?"

"मी? परीक्षक?"

"हो, पण नीट ऐका. प्राचार्यांना हे प्रदर्शन मुळातच नकोय. काही घोळ झाला तर पुढच्या वर्षीपासून बंद, असं मला बजावलंय त्यांनी. मुलं महिनोन्‌महिने राबलीत हो. तुम्ही फक्त बघायचं. हात खिशात."

"खिशातच!" मामा म्हणाले आणि खोल खिशांची पँट शोधायला लागले.

सभागृहात डिंकाचा आणि जळक्या वायरीचा वास भरला होता. बाकीच्या दोन परीक्षकांपैकी एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या आणि दुसरे चष्म्याचे दुकानदार. दोघं दिसेल ते बटण दाबत होते. मामा मात्र हात खिशात खुपसून, ओठ आवळून उभे. आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा समोर आला. त्याच्या झाकणावरचं बटण असं काही लुकलुकत होतं की मामांची बोटं खिशातल्या खिशात वळवळली.

"सर, दाबून बघा ना," मुलगा म्हणाला.

"नको. छान आहे," मामा घाम पुसायलाही हात बाहेर न काढता म्हणाले.

झालं! तिसरे सर भयंकर कडक आहेत, कशाला हातसुद्धा लावत नाहीत, अशी कुजबुज सभागृहभर पसरली. एका मुलाची तर पाचावर धारण बसली. मामांनी नुसतं पाहिलं, तर तो आपल्या पळणाऱ्या गजराच्या घड्याळातल्या चुका स्वतःच घडाघडा सांगायला लागला.

शेवटचा प्रकल्प लाकडी स्टेजवर होता. अंगठ्याला पट्टी बांधलेली एक उंच मुलगी घडीचं स्टूल घेऊन उभी होती.

"आजीसाठी केलंय," ती म्हणाली. "रांगेत उभी राहून तिचे पाय भरून येतात. पण ती यावर बसतच नाही. म्हणते, आधी कुणी भारी माणूस बसवून दाखव. सकाळपासून सगळे 'वा वा' करून गेले, पण बसलं कुणीच नाही."

मामांनी स्टुलाचे पाय निरखले. त्यांनी लांब उभ्या भाचीकडे पाहिलं. तिने जोरात नकारार्थी मान हलवली. मामांनी विचार केला, वचन हातांचं दिलंय, बैठकीचं नव्हे! आणि हात खिशात तसेच ठेवून ते धप्पकन बसले.

स्टूल हललं नाही. मामा झुलले, रेलले, उठून पुन्हा आदळले. स्टूल ढिम्म! मामांचे डोळे आनंदाने भरून आले. उभ्या आयुष्यात त्यांना असं आसन भेटलं नव्हतं. धडधडाट ऐकून प्राचार्य धावत आले. चांगले भरभक्कम अंगाचे गृहस्थ.

"या साहेब, तुमचीच कमी होती!" मामा म्हणाले आणि उठून जागा दिली. आजीची गोष्ट ऐकल्यावर प्राचार्यांना नाही म्हणवेना. ते बसले. मामाही शेजारी अर्ध्या अंगाने टेकले आणि झुलले.

कर्रर्र... फाड!

धुरळा बसला तेव्हा स्टेजच्या मधोमध मोठं भगदाड पडलं होतं. भगदाडात प्राचार्य होते, जमिनीवर स्टूल ताठ उभं होतं आणि त्यावर ते जसेच्या तसे बसलेले होते. मामा वेळीच उठून भगदाडाच्या काठावर उभे, हात अजून खिशात. भाचीने डोळे गच्च मिटले. संपलं सगळं, तिला वाटलं.

प्राचार्यांनी बसल्या बसल्या एक हेलकावा देऊन पाहिला. स्टूल हललं नाही.

"याच स्टेजवर परवा पदवी समारंभाला सगळे पाहुणे बसणार होते," ते सावकाश म्हणाले. "स्टूल कुणाचं?"

मुलीने हात वर केला.

"पहिला नंबर. आणि पुढच्या वर्षीपासून आधी प्रदर्शन, मग समारंभ." त्यांनी मामांकडे पाहिलं. "हे गृहस्थही दरवर्षी हवेत. आता मला वर काढा."

संध्याकाळी भाची मामांना घरी घेऊन गेली. तिच्या आईने सवयीने चटई काढली. भाचीने ती हातातून घेतली, गुंडाळून ठेवली आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची पुढे ओढली.

"मामा, इथे बसा. आणि मनसोक्त झुला."

मामांनी हात खिशातून काढले, डोळे पुसले आणि बसले. एकदा झुलले. दुसऱ्यांदा झुलले. काडकन आवाज झाला.

स्वयंपाकघरातून मामांची बहीण ओरडली, "गेली का? मग त्याला दुसरी दे गं!"