चार बोटं लांब अंगरखा

जगदेवरावांना उजवा गुडघा एकच होता, पण तो चार वेळा चार ठिकाणी मोडला होता. नातवंडांसाठी तो मांडूच्या दरीत बिबट्याने धरला. जावयासाठी दसऱ्याच्या स्वारीत घोडा उधळला आणि जगदेवरावांनी त्याला शेपटीला धरून थांबवलं, तेव्हा मोडला. अमझेऱ्याच्या पाहुण्यांना ते विहिरीत पडलेल्या म्हशीची गोष्ट सांगत. म्हशीला वर काढताना गुडघा गेला, आणि मग म्हैसच त्यांना पाठीवर घेऊन धारपर्यंत आली. या तीन गोष्टींनी कोणाचं काही बिघडलं नाही. बिबट्या काही तक्रार घेऊन आला नाही.

चौथी गोष्ट मात्र धारच्या महाराष्ट्र मंडळात सांगितलेली होती, आणि तिच्यात एका जित्या माणसाचं नाव होतं.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक बसलं होतं. जगदेवराव राजा. पडद्याचा दोर सांभाळायला उमाशंकर नावाचा सुताराचा वीस वर्षांचा मुलगा. तिसरा अंक संपता संपता पडदा बांबूसकट खाली आला आणि राजा पडद्यात गुंडाळलेला असा पहिल्या रांगेत, सासरच्या मंडळींच्या पायाशी येऊन पडला. कण्हत कण्हत जगदेवरावांनी सांगितलं, उमाशंकरने दोर सोडला. दुसऱ्या दिवशी मंडळाने त्याच्या हातचा दोर काढून घेतला. बाजारात त्याचं नाव पडलं रस्सीछोड़. कोणी त्याला शिडी धरायलासुद्धा सांगेना. सहा महिन्यांत तो धार सोडून गेला. कुठे गेला, ते जगदेवरावांनी कधी विचारलं नाही.

एकाहत्तराव्या वर्षी गुडघा पार थकला. लेक वेदिका देवासला होती, जावई योगेंद्र तिथल्याच कारखान्यात. घर तळमजल्यावर. म्हणून ऑपरेशन देवासला करायचं ठरलं. तपासणीच्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढून विचारलं, पूर्वी कधी मार लागला होता का? वेदिका म्हणाली बिबट्या. योगेंद्र म्हणाला घोडा. जगदेवरावांची बायको सुमंगलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी लेखणी हवेत धरून जगदेवरावांकडे पाहिलं. "पडलो होतो," ते म्हणाले, आणि त्यांचे कान तापले. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं, कशानेही मोडो, सांधा झिजलाय, बदलावा लागेल.

मग तयारी सुरू झाली. दात तपासून झाले, रक्त पातळ करणारी गोळी बंद झाली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ सुरू झाला. घरासाठीही यादी मिळाली होती. पलंग उंच हवा, खुर्ची उंच हवी, संडासात धरायला दांडी हवी. योगेंद्र कॉलनीतल्या जुन्या सुताराला घेऊन आला. डोकं पांढरं, चष्म्याला दोरी. त्याने जगदेवरावांना खाटेच्या कडेला बसवलं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली.

"साडेअठरा इंच," तो मान वर न करता म्हणाला. "तब भी इतना ही था, राजासाब. सिंहासनाचं माप मीच घेतलेलं."

म्हशीच्या पाठीवरून धारला येणाऱ्या माणसाने टेपेखालचा पाय मागे ओढून घेतला. सुमंगलाबाईंनी उमाशंकरपुढे चहा ठेवला आणि त्याच्याकडे न बघता आत गेल्या.

उमाशंकरने पलंगाच्या पायांखाली ठोकळे बसवले. पायथ्याच्या आडव्या लाकडाला जाड दोर बांधला. तो धरून ओढलं की निजलेल्या माणसाला आपलं आपण उठून बसता येतं. दोराला दोन हिसके देऊन तो म्हणाला, "माझी गाठ आहे. आजवर एकसुद्धा सुटलेली नाही." संडासातली दांडी ऑपरेशननंतर, उभं राहिल्यावर हात कुठे पोचतो ते बघून बसवू, असं योगेंद्रला सांगून तो गेला. जगदेवरावांना हाक मारायची होती. त्यांनी त्याऐवजी टॉवेल दाबला, मोजून वीस वेळा.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई दिली आणि कमरेखालचा माणूस झोपला. वरचा जागा. छातीशी हिरवा पडदा लावला होता. पडद्यापलीकडून करवत चालल्याचा आवाज आला, मग हातोडी. ठक, ठक. पडद्यामागे कोणीतरी सुतारकाम करतंय आणि आपण अलीकडे काही न करता पडलोय, हे जगदेवरावांनी पुरेपूर ओळखलं. सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी तिथे ठरवलं. बधिर माणसाला ठरवायला काय जातं.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं झाली. नर्सने प्रत्येक पावलाला शाबासकी दिली, लहान मुलाला देतात तशी. तिसऱ्या दिवशी घरी आले. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही म्हणून सांगितलं होतं. जगदेवरावांनी चोरून घेतली आणि वेदिकेची बोलणी खाल्ली. पण खरी पंचाईत दोराची होती. तो त्यांना धरवेना. ते दर वेळी सुमंगलाबाईंना उठवायला बोलावत. शेवटी बाईंच्याच कमरेत चमक भरली. मग जगदेवरावांनी डोळे मिटून दोर धरला आणि सगळा भार टाकला. गाठ केसभरसुद्धा सरकली नाही. उठून बसल्यावरही त्यांनी दोर सोडला नाही. शेजारी चहा निवून गेला.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी उमाशंकर दांडी बसवायला आला. त्याचं संडासात ड्रिल चाललं होतं, तेवढ्यात धारहून मंडळाचे जुने चिटणीस नारायणराव आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई केळी घेऊन आले. बसता बसता नारायणरावांनी योगेंद्रला विचारलं, सासऱ्यांचा गुडघा मुळात कसा मोडला ते ठाऊक आहे ना? आणि सांगायला लागले. राजा भाषण संपवतो काय, उमाशंकर नावाचं एक बावळट पोर हातातला दोर सोडतं काय.

संडासातलं ड्रिल थांबलं.

"दोर सुटला नव्हता, नारायणराव," जगदेवराव म्हणाले.

त्यांनी सांगितलं. अंगरख्याचा घेर स्वतःच्याच पायाखाली आला. तोल गेला, तेव्हा त्यांनी पडदा धरला. भाराने बांबू मोडला. गाठ होती तिथेच होती. पण समोर सासरे बसलेले, आणि राजा स्वतःच्या कपड्यात अडकून पडला असं कसं सांगायचं? म्हणून उमाशंकरचं नाव घेतलं.

नारायणरावांनी मांडीवर थाप मारली. ही नवी आहे, ते म्हणाले, बिबट्यापेक्षा सरस. योगेंद्र हसत विचारू लागला की यात घोडा कुठे उभा होता. जगदेवरावांनी पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं, तसं हसणं वाढत गेलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिखटमीठ न लावता गोष्ट सांगितली होती आणि ती कोणी घेत नव्हतं. ड्रिल अजून बंदच होतं. आतला माणूस हे हसणंही ऐकत होता. जगदेवरावांना वाटलं, बिबट्या खरा असता तर बरं झालं असतं.

"खरं आहे ते," दारातून सुमंगलाबाई म्हणाल्या. "अंगरखा मी शिवला होता. चार बोटं आखूड करते म्हटलं, तर म्हणाले, आमच्या पणजोबांचा दरबारात पावलांवर लोळायचा. फाटलेला घेर दुसऱ्या दिवशी मीच टाचला. कुठे फाटलाय ते दिसत होतं मला. मी बोलले नाही."

हसू विरलं. रुक्मिणीबाई केळ्यांकडे बघत राहिल्या. त्याला मंडळातून मीच काढलं होतं, असं नारायणराव हळू आवाजात म्हणाले.

उमाशंकर हात पुसत बाहेर आला.

"हाच तो," जगदेवराव म्हणाले. "उमाशंकर भिया, मला अजून वाकता येत नाही, नाहीतर..."

"नाहीतर क्या? पुन्हा नाटक?" उमाशंकर म्हणाला. "माझा बाप गेला ना, तेव्हा धारला लोक म्हणाले, रस्सीछोड़ का बाप गया. बापाचं नाव घेतलं नाही कोणी."

जगदेवरावांनी पलंगाचा दोर हातात घेतला. ते म्हणाले की या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर उभा राहून सांगेन. उमाशंकर म्हणाला, तिथेही हसतील. "हिला घेऊन जाईन," जगदेवराव म्हणाले. "ही सांगेल. मी नुसता शेजारी उभा राहीन."

उमाशंकरने संडासाच्या दाराकडे हात केला. "उठा," तो म्हणाला. "दांडी बसलीय. भार टाकून बघा, म्हणजे मी मोकळा."

जगदेवराव दोर ओढून उठले, वॉकर धरून उभे राहिले. सगळे बघत होते. त्यांनी पाऊल उचललं, तसा उमाशंकरने हात आडवा घातला. त्यांची लुंगी जमिनीवर लोळत होती.

तो खाली बसला, लुंगीची कड उचलली आणि एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने चार बोटं वर खोचली. त्याच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत जगदेवराव उभे होते. धड वाकता येत नव्हतं, पळता येत नव्हतं.

"अब चलो," उमाशंकर म्हणाला.