डिंभ्याच्या गाडीवरचा बहिष्कार

प्राची मॅडम अमेरिकेचा इतिहास शिकवायला लागल्या की घोडेगावच्या शाळेतली नववी 'ब' दुपारच्या तासालाही पेंगत नसे. त्या दिवशी तर त्यांनी कमालच केली. मॉंटगोमेरी नावाचं शहर, तिथल्या बसमध्ये गोऱ्यांना पुढच्या जागा आणि कृष्णवर्णीयांना मागच्या, गोऱ्या माणसासाठी जागेवरून उठायला एका बाईनं दिलेला ठाम नकार, आणि मग वर्षभर बसवर बहिष्कार टाकून पायी चालणारी हजारो माणसं. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

"मॅडम, त्यांची गाडी टायमाला यायची का?" पप्पूनं विचारलं.

"यायची."

"मग कशाला भांडले, राव?"

वर्ग खो खो हसला, मॅडमही हसल्या. पुष्पा तेवढी हसली नाही.

पुष्पा डिंभ्याच्या पुढच्या वाडीची. संध्याकाळची गाडी कधी उशिरा येई, कधी येतच नसे, आणि तिकडची पोरं अंधार पडेपर्यंत फाट्यावर शेंगदाणे खात बसत. धडा तिच्या डोक्यात भिनला आणि तिनं बाकीच्या पोरांना असं पटवलं की सोमवारपासून त्यातल्या एकाही पोरानं गाडीत पाय ठेवला नाही. दुधाचा टेम्पो, कुणाची पिकअप, नाहीतर सरळ पायी. पोरांचं बघून मोठ्यांनाही चेव चढला. कंडक्टर दारातून हाका मारी आणि माणसं तोंड फिरवून उभी राहत. मॅडमची छाती फुगली. "शिकवलेलं रुजलं म्हणतात ते हे," असं त्यांनी बाकीच्या शिक्षकांना दोनदा तरी ऐकवलं.

पण गाडी रिकामी धावायला लागली तशी आगारानं सकाळ-संध्याकाळची फेरीच बंद करून टाकली. प्रवासीच नाहीत तर डिझेल कुणासाठी जाळायचं? त्यांचंही काही चुकलं नव्हतं. त्यात टेम्पोवालाही पोरांना कंटाळला.

मग एक दिवस पुष्पाचे आजोबा, जानकूबाबा, शाळेत आले. मेंढरांमागं हिंडून रापलेला म्हातारा, खांद्यावर घोंगडी. दिलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मॅडम, तुमच्या त्या अमेरिकेपायी आमच्या पोरीची साळा सुटायची येळ आली बघा. एवढ्या लांबून रोज पायी कशी यील ती? गाडी सुरू झाली तर ठीक. न्हाईतर दिवाळीनंतर ऱ्हाईल घरी, मेंढरांकडं बघंल."

वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, आणि तिची शाळा आपल्याच धड्यापायी सुटणार, या विचारानं मॅडमना घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी पुष्पाला घेऊन त्या आगारात गेल्या. तिथला साहेब भला माणूस निघाला.

"आठवडाभर गाडी वेळेवर सोडतो," तो म्हणाला. "भरून आली तर कायम. रिकामी आली तर मग मला काही करता येणार नाही."

मॅडमनी परत येऊन वर्गालाच विचारलं, "तिकडं बहिष्कार जमला, आपला का आपटला?"

मग पुष्पा उठली.

"तितं बस त्यांच्या जिवावर चालायची, मॅडम. त्यांनी तिकीट काढायचं थांबवलं की कंपनी रडकुंडीला. हितं आमीच गाडीच्या जिवावर. आमाला उलटं करावं लागंल. सगळ्यांनी बसायचं, रोज बसायचं!"

आणि बसले की! काम असो नसो, अख्खं खोरं सकाळी घोडेगावला यायला आणि संध्याकाळी परत जायला लागलं. वाडीतल्या प्रयागबाई नुसता चहा प्यायला आल्या, आणि चहात साखर लई पडली होती हे हॉटेलवाल्याला सांगायला दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. धरणावरचे मासेवाले पाट्या घेऊन चढले. पप्पूनं तर शेळीच आणली. तिचंही तिकीट लागेल म्हणून कंडक्टरनं दटावलं, तर हा खुशीत म्हणतो, "फाडा की, तेवढंच एक वाढलं!"

शेवटच्या संध्याकाळी मॅडम स्वतः गाडीत चढल्या. बसायला जागा नव्हती, उभं राहायलाही जेमतेम. फेरी कायम झाल्याचं कंडक्टरनं सांगितलं तशी गाडीत अशी आरोळी उठली की ड्रायव्हरनं दचकून मागं बघितलं. तेवढ्यात दारातल्या गर्दीतून वाट काढत जानकूबाबा आत आले. खिडकीपाशी बसलेली पुष्पा चटकन उठली.

"बसा, बाबा."

म्हाताऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं.

"त्या अमेरिकेतली बाई उठली व्हती का? रोज जेवताना मला तेच सांगती ना? मग तू कशापायी उठती? बस. दिवाळीनंतर बी हितंच बसायचं."

पुष्पा बसली, पण तिला खिडकीबाहेरचं काही दिसेना, डोळे भरून आले होते. मॅडमचेही आले. कंडक्टरनं घंटी ओढली, गाडीनं हिसका दिला, आणि वरच्या दांड्याला लोंबकळत प्राची मॅडम पार डिंभ्यापर्यंत उभ्यानं गेल्या, हसत हसत.