वाफेपाशी उभी केलेली सून

त्या घराला गजराची गरजच नव्हती. पहाटे सून उठली की शिंका सुरू व्हायच्या. एकदोन नव्हे, लागोपाठ दहा-बारा! तिचा नवरा उशी कानावर ओढून घ्यायचा आणि सासू चहाचं भांडं आपटत म्हणायची, "झालं सुरू! इतकं नाजूक राहून कसं चालेल गं?"

"काही नाही हो आई, गारठ्यानं होतंय," सून बाहीनं नाक पुसत म्हणायची.

गारठा! भिंतींना ओल, अंगाला घामाच्या धारा, बरणीतल्या मिठालाही पाणी सुटलेलं, आणि ही म्हणे गारठा! पण विचार करायला सवड कुणाला होती? खरं सांगा, आपल्या घरात तरी ती असते का?

सासू-सून एकाच कारखान्यात होत्या. लांबलचक शेड, पत्र्याची टेबलं, त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या वीस बायका. कोळंबीचं डोकं मोडायचं, टरफल ओढायचं, पाठीतला काळा दोरा काढायचा आणि सोललेली कोळंबी बर्फाच्या पाण्यात टाकायची. शेडच्या टोकाला उकळणीच्या दोन टाक्या होत्या. त्यांच्यातून उठणारी वाफ दिवसभर छताला चिकटून राही. या सगळ्यावर देखरेख सासूची. बावीस वर्षांची नोकरी आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. सगळ्या तिला मुकादमबाई म्हणत.

मुकादमबाई कडक होती, पण दुष्ट नव्हती. एखादी बाई खोकायला लागली की ती तिला टेबलावरून उठवून टाकीपाशी उभी करायची. "तिथं नुसता झारा फिरवायचा, फेस काढायचा. वर फुकटची वाफ! चार दिवसांत छाती मोकळी होते." आजारी बाईला हलकं काम द्यायचं, ही तिनंच पाडलेली रीत होती आणि तिला तिचा अभिमान होता. वाफ घेऊनही जिचा खोकला थांबत नसे, ती तिच्या लेखी नाटकी!

अशीच एक बाई होती. हात इतका चपळ की सगळ्या तिला 'मशीन' म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिला दम लागू लागला, मुकादमबाईनं तिला टाकीपाशी धाडलं, दम वाढला, खाडे वाढले. "कामाचा कंटाळा आलाय तुला!" असं चारचौघींत सुनावून मुकादमबाईनं तिला घरी बसवलं. तेव्हापासून खोकला आला की बायका तोंडात बोळा कोंबत, पण ब्र काढत नसत.

सुनेचं हे चौथं वर्ष. पहिली दोन वर्षं काही नाही. मग बोटांच्या बेचक्यांत खाज आली, मनगटावर गांधी उठल्या, मागाहून शिंका आणि आता जिना चढताना छातीतून शिट्टीसारखा आवाज. शेवटी ते सासूच्याही नजरेत आलं. "उद्यापासून टाकीपाशी उभी राहा," ती मायेनं म्हणाली. "तुझ्यासाठी दुसरीला हलवते."

तिसऱ्या दिवशी दुपारी झारा खळकन जमिनीवर पडला.

मुकादमबाई धावली. सून भिंतीला टेकून बसली होती, डोळे विस्फारलेले, ओठ निळसर. श्वास आत जात होता, पण बाहेर येत नव्हता. "आई... हवा..." एवढंच ती बोलू शकली. आणि मुकादमबाईनं काय करावं? तिनं सुनेला आणखी वाफेजवळ ओढलं! "श्वास घे! खोल घे गं पोरी!" शेवटी दोघी बायकांनी मध्ये पडून सुनेला अक्षरशः तिच्या हातातून सोडवलं आणि कोळंबीच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात नळी लागली, सुई टोचली, तासाभरानं सुनेच्या ओठांवर रंग आला.

"दम कधी वाढतो हिचा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कधीही, बाई. अंगच नाजूक आहे."

"सुट्टीच्या दिवशी?"

मुकादमबाई आठवू लागली. सुट्टीच्या दिवशी? दुपारपर्यंत शिंका थांबलेल्या असायच्या. गेल्या वर्षी सून आठवडाभर माहेरी गेली, तेव्हा परत आली ती चांगली टवटवीत होऊन. हे सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, मनावर घेतलं नव्हतं.

"सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर गेलं की बिघडतं. मग आजार कुठून येतोय?"

"पण बाई, दोन वर्षं हिला काही झालं नाही की! कोळंबी वावडी असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं."

"तिथंच सगळे फसतात," डॉक्टरबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "ही ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. रोज थोडं थोडं कातडीतून, श्वासातून आत जातं. शरीर सोसतं, पण आतल्या आत त्याला शत्रू ठरवत असतं. एक दिवस ते उलटतं. मग चिमूटभरही पुरतं. आणि ते सगळ्यात जास्त कुठून आत जातं, ठाऊक आहे? कोळंबी उकळताना तिचे कण वाफेबरोबर हवेत येतात. त्याच वाफेतून!"

"मी... मीच तिला तिथं उभी केली," मुकादमबाई म्हणाली. "बरं वाटावं म्हणून."

"चांगल्या मनानंच केलंत. पण अंगाला मन दिसत नाही हो." डॉक्टरबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आणि तुम्ही अशा नाकातून का बोलता?"

"मला? छे! नुसती सर्दी."

"किती दिवस?"

"असेल... वीसेक वर्षं," म्हणताना तिचं तिलाच ते चमत्कारिक वाटलं.

पुढच्या महिन्यात दोघींची तपासणी झाली. हातावर औषधाचे थेंब ठेवून बारीक सुईनं टोचलं. घरातल्या धुळीच्या थेंबाखाली दोघींना मसुराएवढी गांधी उठली; पहाटेच्या शिंका या अंथरुणातल्या धुळीच्या. कोळंबीच्या थेंबाखाली सुनेला उठली ती भलीमोठी. आणि सासूलाही तशीच!

"पुन्हा पहिल्यासारखी होईल ना ही?" मुकादमबाईनं विचारलं.

"औषधानं ताबा राहील. पण त्या शेडमध्ये हिनं पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तुमचं अजून नाकापर्यंतच आहे, तरी तुम्हीही वाफेपासून लांब राहा. लवकर आला असता तर कदाचित इतकं वाढलं नसतं." डॉक्टरबाईंनी खोटा धीर दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमबाईनं काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. "कुणाकुणाला दम लागतो? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. एकीनं आलेला खोकला तिथल्या तिथे गिळला. मुकादमबाईला तो दिसला आणि तिचं तोंड शरमेनं उतरलं. या बायकांना वाफेची नव्हे, आपली भीती वाटते!

तिनं बाही वर केली. काल टोचलेल्या जागी अजून लाली होती. "हे बघा. मलाही आहे. वीस वर्षं मी सर्दी म्हणून मिरवलं. तुम्हाला नाटकी म्हटलं, वाफेत उभं केलं, 'मशीन'ला हाकललं. चुकलं माझं! आता तरी बोला गं."

आधी एक हात वर आला. मग तीन. मग ती मोजायची थांबली, कारण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

ते हात घेऊन ती मॅनेजरकडे गेली आणि हटून बसली. महिन्याभरात टाक्यांवर झाकणं आली, वाफ बाहेर ओढणारा पंखा आला, बायकांना हातमोजे आणि मास्क मिळाले. सुनेला अंगणापलीकडच्या कचेरीत टपालाचं काम मिळालं. मुकादमबाई स्वतः 'मशीन'च्या दारात गेली. 'मशीन'नं दार उघडलं, चौकटीला धरून चार श्वास घेतले आणि विचारलं, "आता आलात होय?" मुकादमबाईनं तिचा हात धरला आणि तिला डॉक्टरबाईंकडे नेलं.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या घरातली, आपल्या शेजारच्या टेबलावरची बाई शिंकते, खाजवते, धापा टाकते, तेव्हा तिला नाजूक म्हणण्याआधी एकच विचारा, सुट्टीच्या दिवशी तुला कसं वाटतं? ती काय श्वासात घेते, हे बघा. माया असेल, तर आधी तिचं ऐका. नाहीतर आपण मायेनंच तिला वाफेत उभी करू!

त्या घरात आता सासू पहाटे खिडक्या उघडते, अंथरुणं उन्हात टाकते आणि चहाचं भांडं हळूच ठेवते. सुनेच्या छातीत आज शिट्टी वाजते का, ते तिला ऐकायचं असतं.