दोन कागद आणि एक कणा

मी एक जुना पाठीचा कणा आहे. दचकू नका, मित्रांनो! मी प्लॅस्टिकचा नाही, एका खऱ्या बाईचा आहे. तिचं नाव मलाही कुणी सांगितलं नाही. तिच्या माघारी माझे मणके तारेत ओवले आणि मी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात खुंटीवर आलो. मला हातात घेऊन डॉक्टर ऑपरेशन समजावत. पेशंटचा जो मणका दुखे, तोच माझाही ठणकू लागे. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात डोणगावहून गोजरबाई पाठदुखी घेऊन आल्या. सोबत लेक सुचिता आणि नवरा उत्तमराव, म्हशींच्या बाजारातले मुरलेले दलाल. डॉक्टरांनी दोन कागद पुढे ठेवले. पाठ उघडून ऑपरेशन, एक लाख दहा हजार, सहा दिवस मुक्काम. दुर्बिणीतून, एक लाख सत्तर हजार, दोन दिवस.

"साठ हजार जास्तीचे काऊन?" उत्तमराव उसळले.

"बाबा, सहा दिवसाचं राहनं-खानं धरा. मंग आई दोन महिने पडून राहीन, तेही धरा," सुचिता म्हणाली. "फरक लय नाही उरत."

पण उत्तमरावांना बाजाराची खोड. सौदा पटेना की उठायचं, चालू लागायचं. म्हशीचा धनी मागून हाक मारतोच! "चाल वं," म्हणत ते उठले आणि दाराबाहेर कान देऊन उभे राहिले. डॉक्टरांना वाटलं, विचार करायला गेले असतील. त्यांनी हाक मारली नाही.

मी मात्र पाहिलं. गोजरबाईंची डावी चप्पल टेबलाखालीच राहिली होती. अनवाणी पाय फरशीवर घासत त्या चालल्या होत्या, आणि त्यांना पत्ताच नव्हता! माझा चौथा मणका थंडगार पडला. पंखा बंद, खिडकी बंद, तरी मी खडखडू लागलो. शेवटी तार तुटली आणि मणके फरशीभर उधळले.

सगळे धावत आत आले. वेचायला वाकलेल्या डॉक्टरांना चप्पल दिसली. त्यांनी गोजरबाईंना अंगठा उचलायला सांगितलं. तो हलला नाही.

"नस दबली आहे. आजच करावं लागेल."

उत्तमराव पांढरेफटक पडले. "कोनतंही करा, साहेब. पन तिले चालती करा!"

गोजरबाईंनी माझा एक मणका उचलून तळहातावर धरला. "हिले बी असंच दुखत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "हिले कोनी दवाखान्यात आनलंच नाही."

खरं होतं ते. त्यांना कसं कळलं, देव जाणे.

गोजरबाई आता चालतात. अंगठा मात्र अजून पुरता उठत नाही. मित्रांनो, दोन काय, चार दर विचारा. पण आधी विचारा, वेळ किती उरला आहे. मी आता खोक्यात सुटा पडलो आहे. पुन्हा मला वाजता येणार नाही.